माझा ‘प’

साठी उलटल्यावर मी मुलाकडे कॅनडात, एडमंटनला, राहायला गेलो. चाळीस वर्षे इंग्रजीत खर्डेघाशी केलेला माणूस मी. मला भाषेची धास्ती कसली वाटणार? पण पहिल्याच आठवड्यात दुकानात ‘पेअर’ मागितले, आणि गल्ल्यावरची बाई गोंधळून म्हणाली, “बेअर?” मी मागत होतो नासपती, तिला ऐकू आले अस्वल!

घरी नातीने उलगडा केला. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणाऱ्या ‘प’बरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो; आपला कोरडा ‘प’ तिथल्या कानांना ‘ब’ वाटतो. तिने माझ्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली. पट्टी हलली की पास! चार दिवसांत मी पास झालो. पण मनाला एक रुखरुख लागून राहिली. समजण्याचा सारा भार बोलणाऱ्यानेच का वाहावा?

याच शहरातल्या विद्यापीठात तेव्हा शिकवीत असलेल्या ट्रेसी डर्विंग आणि त्यांचे सहकारी मरे मन्रो यांनी १९९५ साली दाखवून दिले की, ज्याचे बोलणे ऐकणाऱ्यांना फार परके वाटते, त्याचाही शब्द न् शब्द त्यांना पुष्कळदा बरोबर टिपता येतो. हेल वेगळा असणे निराळे आणि न समजणे निराळे. त्याआधी, १९९२ साली, अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातले व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवले. काहींपुढे गोऱ्या बाईचे छायाचित्र ठेवले, काहींपुढे आशियाई बाईचे. आवाज तोच, पण दुसऱ्या गटाला व्याख्यान कमी समजले! म्हणजे कधी कधी जीभ नव्हे, कानच अडखळतो.

हे वाचून मी सुखावलो खरा. पण लगेच आठवला तो मुंबईला आमच्या चाळीखाली येणारा, उत्तरेकडचा केळेवाला. तो ‘केली’ म्हणे आणि आम्ही त्याची नक्कल करून हसत असू. आम्हाला किती डझन हवीत ते त्याला कळे, भाव काय ते आम्हाला कळे. मग हसलो कशाला?

म्हणून आता मी मनाशी हिशेब मांडला आहे. नासपतीचे अस्वल होत असेल, तर ‘प’ सुधारणे हे माझे कर्तव्य. त्यापुढचे अंतर मात्र ऐकणाऱ्याने चालून यावे.

काल नात पणत्या लावताना म्हणाली, “आजोबा, दिवाली आली!” ओठांशी आलेला ‘ळ’ मी गिळला. मला सगळे समजले होते.