चिंचेखालची हाजिरी

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी उरूसाच्या वेळी शास्त्रीय संगीताची सभा भरते. आवारातल्या चिंचेखाली गायक-वादक येऊन बसतात. तिकीट नाही, पास नाही. कलावंतही बिदागीसाठी येत नाही. त्याच्या लेखी ही 'हाजिरी' असते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 साली अल्लाला प्यारे झाले. त्यांची कबर याच आवारात आहे, आणि ही सभा त्यांच्याच नावाने भरते.

आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना पालक विचारतात, मुलांना तिथे न्यावे का? संगीत जायज की नाजायज? हा वाद शेकडो वर्षांचा आहे, तो आम्ही काय मिटवणार! पण इमाम गझालींनी 'इह्या'त समाची जी चर्चा केली आहे, ती आम्हाला जवळची वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की समा दिलात नवे काही आणून ठेवत नाही. जे आधीपासून आहे, तेच हलवतो.

पालकांचे यावर समाधान होते. आमचे होत नाही. कारण 2009 साली गणेशोत्सवात, स्वागतकमानीवरच्या एका चित्रावरून, याच मिरजेत दंगल उसळली. तोवर कित्येक दशके हे शहर एका झाडाखाली बसून एकच षड्ज ऐकत आले होते. मग त्या ऐकण्याने केले काय?

भाषणांत याचे उत्तर तयार असते. संगीताला धर्म नसतो, खाँसाहेबांच्या हाताखाली रामभाऊ कुंदगोळकरांचे सवाई गंधर्व झाले, वगैरे. ते खरेच आहे, पण ती गुरू-शिष्यांची कमाई. श्रोत्याने काय कमावले? दगड मारणारे सभेला येणारे नव्हतेच, असेही कुणी म्हणेल. असेल. मात्र ऐकणारे घराबाहेर पडून मध्ये उभे राहिले का, हे विचारायचे राहूनच जाते. गझालींचा कौल धरला, तर दिलात जे नाही ते तानपुरा कुठून हलवणार? ते आधी घरात आणि वर्गात पेरावे लागते, आणि तिथे तर आम्हीच बसलो आहोत.

फुकटपणाचा मुद्दाही इथेच येतो. तिकीट काढले की हिशेब दारातच मिटतो. हदिया मात्र घेणाऱ्याच्या अंगावर राहतो. जमेल तशी परतफेड करणे ही आपल्याकडची रीत. मिरजेत ती कुणाकडे करायची, हे शोधायला लांब जावे लागत नाही. तानपुऱ्याचा भोपळा कोरणारी, जवारी काढणारी माणसे दर्ग्यापासून फार दूर नाहीत, आणि त्यांत आपल्या समाजाची घरे पुष्कळ. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, अभिनंदनाचे फलक झळकले. पण बापाचा हात मुलाने उचलावा एवढी मिळकत त्यात आहे का, हे श्रोत्यांपैकी किती जण विचारतात?

यंदा आम्ही मुलांना सभेला न्यायचे ठरवले आहे. त्याआधी एक सकाळ सतारीच्या कारखान्यात जाईल. संमतीचे कागद घरोघर गेले. काही सहीविना परत आले. त्या पालकांना भेटायला आम्ही जुम्म्यानंतर जाणार आहोत.