फोनवर आधी काय म्हणायचं?

"फोन उचललास की पहिला शब्द कुठला बोलतेस गो बाय?" आप्पांनी विचारलं.

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. टीव्हीवरची वंदे मातरमवरची चर्चा नुकतीच संपली होती. आप्पा माझे थोरले चुलते. खालापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्यांचं आयुष्य गेलं, आवडीचा विषय इतिहास. मी कर्जतला राहते, सरकारी कचेरीत कारकून आहे आणि माझा अर्धा दिवस फोनवरच जातो.

"'नमस्कार, बोला' म्हणते," मी सांगितलं.

"वंदे मातरम का नाही? शासनाने सांगितलंय ना?"

सांगितलं आहे, हे खरं. १ ऑक्टोबर २०२२ ला शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवशी, गांधी जयंतीला, वर्ध्यात मोहीम सुरू झाली. सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो' सोडून 'वंदे मातरम' म्हणावं. ऑगस्टमध्ये मंत्री सुधीर मुनगंटीवारांनी घोषणा केली तेव्हाच रझा अकादमीने हरकत घेतली होती आणि काँग्रेसने 'जय बळीराजा' पुढे आणलं होतं.

"त्यात सक्ती नाही, आप्पा."

"मग तर झालंच. सक्ती नसताना म्हणत नाहीस, याचा अर्थ मनातून येत नाही."

"अडचण तिथंच आहे. सक्ती नाही, पण वरिष्ठांनी प्रोत्साहन द्यावं असं आहे. साहेबांनी प्रोत्साहन दिल्यावर कारकुनाच्या हातात काय उरतं? म्हटलं, तर ते साहेबांसाठी म्हटलं. नाही म्हटलं, तर नकार दिला. हा निर्णय निघायच्या आधी मी फोनवर काय म्हणते याला काही अर्थ नव्हता. आता माझ्या गप्प राहण्यालाही अर्थ चिकटलाय."

आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाई कोतवालांचं नाव तू शाळेत माझ्याकडूनच ऐकलंस. माथेरानचा वकील, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. आझाद दस्ता उभा केला, मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळ्या झेलल्या, आणि त्यांच्याबरोबर हिराजी पाटलांनी. त्या पिढीला हे दोन शब्द उच्चारल्याबद्दल मार बसत होता. तुला ते पगार घेऊन म्हणायचेत आणि तरी जड जातात?"

हा प्रश्न मला लागला. तो टाळणं मला बरं वाटत नाही, म्हणून आप्पांना दिलेलं उत्तर इथे जसंच्या तसं लिहिते.

"जड जातात ते त्याच कारणाने. इंग्रजांच्या बंदीपुढे उभं राहून ते म्हणायचे. म्हणणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागायची, म्हणून त्या शब्दांना वजन आलं. मी ते सातबाऱ्याची चौकशी करणाऱ्याला, दाखला अडकलेल्याला दिवसभर म्हणत राहिले, तर माझं काय जातं? काहीच नाही. उलट समोरच्याचं जातं. वाडीवरची ठाकर बाई जातीच्या दाखल्यासाठी फोन करते. तिचं काम माझ्या हातात आहे. मी वंदे मातरम म्हटलं की आपणही तसंच म्हणायला हवं, नाहीतर काम होणार नाही, असं तिला वाटणार. ती म्हणेलही. पण ते देशप्रेम नसेल, भीती असेल."

"मग ज्याने त्याने आपापलं म्हणावं? एका टेबलावर जय भीम, दुसऱ्यावर राम राम, तिसऱ्यावर जय शिवराय? फोन लावणाऱ्याला पहिल्या शब्दातच कळणार, पलीकडचा आपल्यातला आहे की नाही. हे तुला चालेल?"

"नाही. म्हणून तर नमस्कार. तो कुणाचाच नाही."

"कोण म्हणतं कुणाचाच नाही?" आप्पा सावरून बसले. शाळेतलं त्यांचं हे बसणं माझ्या ओळखीचं आहे. "१७७९ साली पुणे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने हुकूम काढला, की सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये. का? तर ते ब्राह्मणांचं अभिवादन. पुण्याला ते खटकलं आणि इंग्रजांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. कुणी कुणाला काय म्हणून हाक घालायची, हे या प्रांतात सरकारने ठरवलेलं आहे, बाय. महाराने 'जोहार' म्हणायचं, हेही ठरलेलंच होतं. आणि तू म्हणतेस, नमस्कार कुणाचाच नाही."

मी निरुत्तर झाले. ज्या शब्दाला मी मोकळं मैदान समजत होते, त्यावरही कुंपण होतं. रात्रीच्या चर्चांत ही गोष्ट कधी निघाल्याचं मला आठवत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्राला अभिवादनाच्या वादाचा दोन-अडीचशे वर्षांचा अनुभव आहे. तो कामाला आणला असता तर आपण अधिक शहाणपणाने भांडलो असतो.

"पण आप्पा," मी जरा वेळाने म्हटलं, "तुमची गोष्ट माझ्याच बाजूने जाते. आज सोनार, माळी, बौद्ध, मुसलमान, सगळे बिनदिक्कत नमस्कार म्हणतात. ते 'सर्वांनी म्हणा' असा हुकूम निघाला म्हणून नव्हे. बंदी मोडली आणि लोकांनी तो शब्द आपलासा केला. जोहारचं उलट झालं. तो लादलेला होता, म्हणून ज्यांच्यावर लादला त्यांनी टाकला आणि 'जय भीम' स्वतः निवडलं. सरकारने मनाई केलेला शब्द टिकला, सक्तीचा सुटला. सरकारने या भानगडीत पडावं कशाला?"

"सरकार नको, ठीक. पण लोकप्रतिनिधी? १९ जुलै २०२३ ला विधानसभेत अबू आझमी म्हणाले, मला वंदे मातरमचा आदर आहे, पण माझ्या धर्मामुळे मी ते म्हणू शकत नाही. गदारोळ झाला, कामकाज थांबलं. आदर आहे तर म्हणायला काय झालं?"

"१९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. केरळातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गात नव्हती. न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. आदर दाखवण्याचा एकच मार्ग कायद्याने ठरवलेला नाही."

"ती पोरं होती. आमदार लाखोंच्या वतीने उभा असतो. त्याने नाही म्हटलं की त्याच्या मागच्या सगळ्यांकडे बोट जातं. त्याने तरी याचा विचार करायला हवा होता."

हा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही. पण १९ जुलै म्हटल्यावर माझ्या मनात दुसरंच आलं.

"त्याच रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, आप्पा."

आप्पांना हे सांगायची गरज नव्हती. वाडी खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या पायथ्याची, ठाकरांची. तिथवर गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं पावसात पायी चढली. सरकारने सांगितलेली लोकसंख्या २२८. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. दरडीच्या धोक्याच्या गावांच्या यादीत वाडीचं नावच नव्हतं, हे सरकारने सभागृहात सांगितलं.

"जे सभागृह दिवसा दोन शब्दांवरून थांबलं…" मी सुरुवात केली, आणि आप्पांनी हात वर केला.

"हे नको. दरडीशेजारी ठेवला की जगातला कुठलाही वाद क्षुल्लक दिसतो. तुझा नमस्कारही दिसेल. मेलेल्या माणसांना आपल्या बाजूने साक्षीला उभं करू नये."

त्यांचं बरोबर होतं, आणि मी तसं कबूल केलं. पण एवढ्याने माझा प्रश्न संपत नव्हता.

"मी तुलना करत नाही. मी वेळेबद्दल बोलते. वाडी यादीत का नव्हती, हा प्रश्न घ्यायचा तर डोंगर चढावा लागतो, भूगर्भाचा अहवाल वाचावा लागतो, रस्ता का झाला नाही त्याची फाईल काढावी लागते. वंदे मातरम म्हणावं की नाही, याला काहीच लागत नाही. रात्री नऊला चार माणसं बसवली की झालं. मत सगळ्यांकडे तयार असतं. असा वाद स्वस्तात उभा राहतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा उभा केला जातो. अमेरिकेतही तेच. 'मेरी ख्रिसमस' म्हणायचं की 'हॅपी हॉलिडेज', यावर फॉक्स न्यूजच्या बिल ओ'रायलींनी २००५ च्या सुमारास रात्रीमागून रात्र कार्यक्रम केले. दुकानातल्या पोरीने गिऱ्हाइकाला काय म्हणावं, हा धर्मयुद्धाचा विषय झाला. तिला पगार किती मिळतो, हा झाला नाही."

"म्हणजे सणाच्या शुभेच्छांवर वादच नको?"

"वाद सुटतात, पण समोरासमोर. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी आली. किती गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं आपणहून ठरवलं. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला आली. त्यांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला आणि मग सरकारने २९ ला सुट्टी दिली. आधी माणसांनी ठरवलं, आदेश मागून आला."

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे विचारलं, ते मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

"प्रत्येक वेळी त्यांनीच सरकून घ्यायचं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आप्पा स्वतःच पुढे म्हणाले, "ज्याने जागा करून दिली त्याला निदान ईद मुबारक तरी आपण आधी म्हणावं. ग्रामपंचायतीच्या फलकावर दोन्ही सणांच्या शुभेच्छा सारख्याच अक्षरात लिहाव्यात. एवढं मला पटतं. पण फोनचं पटलं नाही. देशाचा एक शब्द असावा आणि तो अभिमानाने म्हणावा, हे माझं मत कायम आहे."

माझंही कायम आहे. कुणी वंदे मातरम म्हटलं तर मी वंदे मातरमच म्हणते, जय भीमला जय भीम, सलामला सलाम. मात्र सरकारी फोनची सुरुवात घोषणेने होऊ नये, मग ती घोषणा कितीही मोलाची असो. कारण पलीकडचा माणूस गरजू असतो आणि अलीकडच्याच्या हातात सही-शिक्का असतो.

शासनाला फोनवरचा पहिला शब्द ठरवायचाच असेल, तर माझी विनंती एवढीच आहे: फोन उचलणाऱ्याने आधी आपलं नाव आणि हुद्दा सांगावा, आणि हे सक्तीचं करावं. दाखल्यासाठी तिसऱ्यांदा फोन करणाऱ्या बाईला आपण कुणाशी बोलतोय हे कळेल, आणि पुढच्या वेळी कुणाचं नाव घ्यायचं तेही.