फिरणारी खोली आणि भ्रमाचा निरास

अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना खोली एकाएकी गरगर फिरू लागते आणि मिनिटाच्या आत थांबते. आंतरकर्णाच्या या विकाराला स्थितिजन्य भोवळ म्हणतात. आपल्याकडे तिचे खापर बहुधा पित्तावर नाहीतर मानेच्या मणक्यावर फुटते. खरे कारण असते कानाच्या आत. तिथल्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात; डोके कुठे कलले आहे हे मेंदूला कळते ते त्यांच्यामुळे. वय वाढल्याने, डोक्याला मार लागल्याने, पुष्कळदा काही उघड कारण नसतानाही त्यांतले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, उतरतात. नलिकांचे काम डोके फिरल्याची वर्दी देण्याचे. डोके थांबल्यावरही हे स्फटिक आतल्या द्रवात घरंगळत राहतात, द्रव हलतो, आणि डोके अजून फिरतेच आहे असा निरोप मेंदूला जातो.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या भोवळीत लक्षणीय ते पुढेच आहे. भिंती जागच्या जागी आहेत हे रुग्णाला पक्के ठाऊक असते, आणि तरीही त्या फिरतात. कानाच्या डॉक्टरला हा विकार झाला तरी त्याचीही सुटका नाही. इथे यथार्थ ज्ञान आणि भ्रम एकाच वेळी, एकाच माणसात, शेजारी शेजारी नांदतात. मग ज्ञानाने भ्रम जातो या सिद्धान्ताचे काय करायचे?

भारतीय दार्शनिकांना शरीरातून उपजणारे भ्रम अपरिचित नव्हते. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’त प्रत्यक्षाचे लक्षण सांगताना भ्रमाची चार कारणे नोंदवली: डोळ्याचा तिमिर रोग, वस्तूचे वेगाने फिरणे, नावेतला प्रवास आणि संक्षोभ. टीकाकार धर्मोत्तर संक्षोभाचा अर्थ वात, पित्त, कफ यांचा शरीरातला क्षोभ असा लावतो. दोष कधी इंद्रियात, कधी विषयात, कधी पाहणाऱ्याच्या जागेत, तर कधी देहाच्या आत असतो, ही त्याची विभागणी आजही टिकते. नावेचा दृष्टान्त मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातून ओळखीचा आहे. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे पळताना दिसतात. भोवळीत मात्र नाव कानाच्या आत असते.

चूक नेमकी कुठे घडते, हा खरा वादाचा मुद्दा. स्फटिक खरोखरच सरकतात, द्रव खरोखरच हलतो, मज्जातंतू मिळाला तो निरोप इमानाने पोचवतो. डोळेसुद्धा निरोपाबरहुकूम हिसके देतात, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावरचे चित्र खरोखरच हलते. प्रत्येक कडी आपापल्या जागी खरी आहे. मीमांसक प्रभाकराला हे वर्णन आवडले असते. त्याच्या अख्यातिवादानुसार खोटे ज्ञान असे काही नसतेच. दोन खऱ्या ज्ञानांमधला भेद ध्यानात येत नाही, एवढेच. पण भोवळीने त्रस्त झालेल्या डॉक्टरपुढे हा वाद अडखळतो. कानातली हालचाल वेगळी आणि खोली वेगळी, हा भेद त्याला पुरता कळलेला असतो आणि तरी खोली थांबत नाही. नैयायिकांचा अन्यथाख्यातिवाद इथे अधिक जुळतो: गती खरीच आहे, पण आहे एकीकडे आणि भासते दुसरीकडे.

अद्वैत वेदान्ताने याच जागी एक फार उपयोगी भेद केला. दोरीवर भासणारा साप हा निरुपाधिक भ्रम. दोरी ओळखली की साप संपतो. पारदर्शक स्फटिकाजवळ जास्वंद ठेवले की तो लाल दिसतो, हा सोपाधिक, म्हणजे जवळच्या दुसऱ्या वस्तूमुळे (उपाधीमुळे) होणारा भ्रम. लाली स्फटिकाची नाही हे कळल्यावरही, फूल बाजूला होईपर्यंत ती दिसतच राहते. ज्ञानाने तिच्यावरचा विश्वास उडतो, दिसणे उडत नाही. भोवळ ही या दुसऱ्या जातीची, आणि तिची उपाधी म्हणजे नलिकेत शिरलेले कण.

उपाधी हलवण्याची क्रिया अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कानतज्ज्ञ जॉन एपली यांनी 1980 च्या सुमारास मांडली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसते डोके फिरवून इतका जुना त्रास जातो, यावर समव्यवसायींचा विश्वास बसायला वेळ लागला. त्यांचा सविस्तर लेख आला तो 1992 मध्ये. आधी निदान हवे. त्यासाठी डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये सांगितलेल्या पद्धतीने रुग्णाला डोके एका बाजूला वळवून झटकन मागे निजवतात आणि भ्रम मुद्दाम उठवतात. काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळे वर आणि पीळ दिल्यासारखी हिसकू लागतात. ज्या अनुभवाचा साक्षी एकटा रुग्ण असायचा, त्याचे लिंग, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, दुसऱ्याला त्याच्या डोळ्यांत दिसते. अनुमानाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

पुढची क्रिया म्हणजे गुरुत्वाकर्षणाला कामाला लावणे. बसलेल्या रुग्णाचे डोके बाधित कानाकडे 45 अंश वळवतात, त्याला उताणे निजवून मान पलंगाच्या कडेखाली थोडी झुकवतात आणि भोवळ शमेपर्यंत थांबतात. मग डोके दुसऱ्या बाजूला 90 अंश. मग अंगासकट आणखी 90 अंश, म्हणजे नाक जमिनीकडे येते. प्रत्येक टप्प्यावर अर्धा ते एक मिनिट थांबून शेवटी त्याला उठवून बसवतात. कण नलिकेच्या वळणावरून उतरत पुन्हा पिशवीत जातात. पुष्कळांचा त्रास एक-दोन खेपांत जातो, आणि यातले काहीच न समजलेल्या रुग्णाचाही तो तितकाच जातो. दोरी ज्याची त्यालाच ओळखावी लागते. इथे ज्ञान उपचार करणाऱ्याकडे असले तरी भागते.

वेदान्तातला जुना तंटा इथे आठवतो. मंडनमिश्रांच्या मते उपनिषदाच्या वाक्यातून झालेले ज्ञान एकटे पुरत नाही. दिशाभूल झालेल्याला खरी दिशा सांगितली तरी भूल रेंगाळते, म्हणून अभ्यास हवा. सुरेश्वराचार्यांनी ‘नैष्कर्म्यसिद्धी’त या मताचा प्रतिवाद केला. स्वतः शंकराचार्यांनी मात्र ब्रह्मसूत्रभाष्यात मान्य केले आहे की बाधित झालेले मिथ्याज्ञानही, तिमिर रोग्याला दिसणाऱ्या दोन चंद्रांप्रमाणे, संस्कारामुळे काही काळ चालू राहते. ज्ञान होऊनही देह का उरतो, याचे ते उत्तर आहे. भोवळ हा तंटा मिटवत नाही. पण संसार दोरीवरच्या सापासारखा आहे की जास्वंदाजवळच्या स्फटिकासारखा, हे ठरवल्याशिवाय ‘ज्ञानानेच मुक्ती’ हे वाक्य अर्धवट राहते, एवढे तिच्यामुळे ध्यानात येते. एपलींच्या क्रियेनंतर काही दिवस पाय अधांतरी पडल्यासारखे वाटतात, हा अनुभवही मंडनमिश्रांच्या बाजूने मोजावा लागेल.

दृष्टान्ताची हद्दही इथेच लागते. मोक्ष म्हणजे पुन्हा न परतणे, यावर वेदान्त्यांत दुमत नाही. कानातले स्फटिक मात्र पुन्हा सुटू शकतात. अनेकांना ही भोवळ काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत गाठते, आणि तेव्हा तीच क्रिया पुन्हा करावी लागते.