पॅनेलच्या मागची बाजू

मोटारसायकलसारख्या विषयाने साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकाची पाने अडवावीत काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो आला होता. परंतु गेली दोन वर्षे जो विचार आमची पाठ सोडावयास तयार नाही, त्याचा जन्म एका जुन्या बुलेटच्या हँडलवर झाला, आणि दुसऱ्या कोणत्याही दाराने त्याला आत आणणे आम्हांस जमलेले नाही. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ ग्रीसचा वास सहन करावा.

आमची बुलेट ३५० जुन्या घडणीची आहे. हेडलाइटच्या वरच्या टोपात एक स्पीडोमीटर आणि त्याच्या शेजारी एक लहानसा ॲमीटर, एवढेच तिचे बोलणे. ॲमीटरचा काटा मध्यभागी शून्यावर असतो. बॅटरीत भर पडू लागली की तो एका अंगाला कलतो, बॅटरीतून वेच होऊ लागला की दुसऱ्या. ह्या यंत्राची खुबी अशी की, बॅटरीचा प्रवाह त्याच्या पोटातून गेल्यावाचून पुढे जाऊच शकत नाही. साहजिकच त्याच्या मागचा एखादा नट ढिला झाला, तर चालती गाडी भररस्त्यात आंधळी होते. आमचा ॲमीटर असा दोनदा रुसला. व्होल्टमीटरचे तसे नसते. त्याच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना नुसत्या स्पर्श करून असतात, आणि तो बिघडला तरी गाडीचे काही अडत नाही. म्हणून ॲमीटर वगळून व्होल्टमीटर घ्यावा, आणि घ्यावयाचाच तर त्याच्या जोडीला मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट, पावसाळी धुक्यासाठी जादा दिव्यांचा स्विच आणि एक घड्याळ, असे सारे हँडलवरच्या एका छोट्या पॅनेलवर मांडावे, असे आम्ही ठरविले.

बाजारात तयार पॅनेले मिळतात. तरी आम्ही ते घरी केले, आणि त्या तीन रविवारांचा आनंद नाकारण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. नाताळच्या केकच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी नमुना बनविला. हँडल डावीकडे व उजवीकडे पुरते वळवून तो टाकीवर आदळत नाही ना, चावी फिरविताना बोटे अडकत नाहीत ना, हे पाहिले. मग एका मोडीत निघालेल्या दुकानाच्या पाटीचा दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिळवला. व्होल्टमीटरचे गोल भोक पाडण्यास योग्य हत्यार नव्हते; म्हणून आखलेल्या वर्तुळावर बारीक बारीक छिद्रे पाडून मधला तुकडा काढला आणि गोल कानशीने कड घासत बसलो. बुलेटच्या एकाच सिलिंडरचे हादरे ज्यांनी अनुभवले आहेत त्यांना पॅनेलखाली रबरी वॉशर का लागतात हे सांगावयास नको. शेवटी काळा रंग दिला. चावी फिरविताच हिरवे आकडे उजळले, तेव्हा घरातील सर्वांना अंगणात बोलावण्याचा मोह आम्हांस आवरला नाही.

पाटीच्या पत्र्याचे पॅनेल म्हणजे जुगाड, असे कोणी म्हणेल. येथे रॉबर्ट पर्सिग ह्या अमेरिकन लेखकाच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ (१९७४) ह्या पुस्तकातील एक प्रसंग आठवतो. निवेदकाच्या मित्राच्या नव्या, महागड्या जर्मन मोटारसायकलचे हँडल सैल होऊन घसरत असते. निवेदक सुचवितो की, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून आत सारावी. ॲल्युमिनियम मऊ असते, गंजत नाही, कामाला अगदी योग्य! मित्राला मात्र तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. पुढे निवेदकाच्या मनात येते की, डब्यावरची अक्षरे पुसून, ही खास जर्मनीहून आलेली पट्टी आहे असे सांगितले असते, तर मित्र खूश झाला असता. ह्या वादात आम्ही डब्याच्या बाजूचे आहोत. वस्तू कोठून आली ह्यापेक्षा ती आपले काम पुरे करते की नाही, हे महत्त्वाचे. ती पट्टी झाकलेली होती आणि स्वस्तही होती. पण खोटी नव्हती.

आमच्या पॅनेलच्या मागे मात्र एक जागा खोटी होती.

तारा ज्या भोकातून आत येतात त्याच्या कडेला रबरी ग्रोमेट बसवावे लागते. पत्र्याची कड सुरीसारखी असते, आणि हादऱ्यांनी ती तारेचे आवरण हळूहळू कापीत जाते. त्या तिसऱ्या रविवारी आमच्यापाशी ग्रोमेट नव्हते, दुकान बंद होते आणि दुसऱ्या दिवशी सणाच्या मिस्साला गाडी न्यावयाची होती. तारांभोवती काळ्या टेपचे चार वेढे दिले. चार्जरच्या तारेला बॅटरीजवळ फ्यूजही घातला नाही. चार्जरला दोन अँपिअर पुरतात; परंतु ती तार उघडी पडून गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर बॅटरी त्याच्या वीसपट प्रवाह सहज ढकलते, आणि ती तार आमच्या गाडीत पेट्रोलच्या टाकीखालून जाते. पाच अँपिअरचा फ्यूज अशा वेळी स्वतः जळून बाकीचे वाचवितो. हे सारे आम्हांस ठाऊक होते. ‘पुढच्या रविवारी करू’ असे म्हणून आम्ही झाकण लावले.

असे चौदा महिने गेले. चर्चच्या आवारात लोक थांबून पॅनेल पाहत, वाखाणीत. प्रत्येक वेळी मागची बाजू आठवे, आणि प्रत्येक वेळी थोडी कमी आठवे.

एके शुक्रवारी संध्याकाळी भाचा आला. “मामा, उद्या आम्ही दोघं नाशिकला जाऊन येतो. गाडी नेऊ का?” आम्ही चावी दिली. देताना क्लच किती जड आहे, इंजिनातून ऑइल कोठे झिरपते, मागचा ब्रेक किती अंतर राखून दाबावा, हे सारे तपशीलवार सांगितले. टेपविषयी बोललो नाही. विसरलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. शब्द ओठांवर होता. त्याच्या पत्नीने तेवढ्यात पॅनेलकडे बोट दाखवून “हे तुम्ही घरी केलंत?” असे कौतुकाने विचारले, आणि तो शब्द आम्ही गिळला.

शनिवारी पहाटे ती दोघे चिंचोटी-भिवंडीमार्गे कसाऱ्याचा घाट चढून गेली आणि रविवारी रात्री परत आली. काहीही झाले नाही. व्होल्टमीटर सबंध प्रवासभर १३.९ दाखवीत होता, असे भाच्याने मोठ्या समाधानाने सांगितले. सोमवारी आम्ही झाकण उघडले. टेपचा चिकट लगदा झाला होता. एका तारेचे आवरण निम्म्याहून अधिक कापले गेले होते. तांबे अजून दिसत नव्हते.

आता प्रश्न असा की, आमच्या हातून काय घडले? कोणाला खरचटलेही नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स ह्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने ‘नैतिक दैव’ हा शब्दप्रयोग चर्चेत आणला, आणि टॉमस नेगेल ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्यावर आपला निबंध लिहिला. नेगेल ह्यांचे उदाहरण आमच्या अंगणातलेच वाटावे असे आहे. ट्रकचे ब्रेक वेळेवर न तपासलेला चालक आहे. रस्त्यात मूल आले तर तो जन्मभर स्वतःला दोषी मानील, न आले तर त्याला आपली कसूर आठवणारही नाही. बेफिकिरी तीच. मूल येणे न येणे त्याच्या हाती नव्हते. त्याच्याही आधी, १७८५ मध्ये, कांट ह्यांनी सांगून ठेवले होते की, सद्हेतूचे मोल परिणामावर अवलंबून नसते. मग दुर्हेतूचे, किंवा आमच्या बाबतीत आळसाचे, का असावे?

हे युक्तिवाद वाचून आम्हांस पटले, तरी पुरेसे वाटले नाहीत. कारण आळस ही काही मोठी गोष्ट नव्हे. चौदा महिने आम्ही एकटे त्या टेपवर स्वार होतो, तोवर धोका पुष्कळसा आमचा आम्हांस होता, आणि त्याचा हिशेब आमच्यापाशी होता. दोष पूर्ण झाला तो चावी हातात देताना. घाटात काय घडणार वा न घडणार ह्यावर तो थांबून राहिला नव्हता. मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांसोबत, जे करावयास हवे होते ते न केल्याचीही कबुली देतो. ती शेवटची नोंद आम्ही वर्षानुवर्षे घाईने उच्चारीत आलो होतो.

कोणी म्हणेल, जुनी गाडी उसनी देताना तिचे शंभर दोष कोण सांगत बसतो? पण आम्ही सांगत बसलो होतोच! क्लच सांगितला, ऑइल सांगितले. जे दोष घडविणाऱ्यांचे वा वयाचे होते ते न मागता सांगितले, आणि जो एकच दोष आमच्या हाताचा होता तेवढा लपविला. ही निवड आपोआप झाली, ह्याचे आम्हांस अधिक भय वाटते.

दुसरेही एक आहे. पॅनेल नसते आणि टाकीखालून टेप गुंडाळलेली तार लोंबत असती, तर भाच्याने ती पाहून विचारले असते. तो त्या बाबतीत चौकस आहे. आमच्या काळ्या रंगाने, सरळ रेषेत बसविलेल्या स्विचांनी त्याचा प्रश्नच काढून घेतला. मीटर खरे बोलत होता. पण व्होल्टमीटर बॅटरीचा दाब सांगतो, तारेचे आवरण किती उरले हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम आमचे होते.

त्याच आठवड्यात ग्रोमेट आणि फ्यूज आणले; दोन्ही मिळून चहाच्या दोन कपांहून फारसा खर्च आला नाही. तारांचे रंग लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून झाकणाच्या आत ठेवला. मग भाच्याच्या घरी जाऊन सारे सांगितले. तो हसला. “जाऊ द्या हो मामा, काही झालं नाही ना!” त्याची पत्नी हसली नाही. घाटात मागे ती बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आम्हाला आधी सांगायचं होतंत. आम्ही बसने गेलो असतो.” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तिनेही ते मागितले नाही. चहा मात्र करून दिला.

गेल्या महिन्यात दोघे पुन्हा गाडी मागावयास आले. भाचा चावीसाठी हात पुढे करून उभा होता. त्याची पत्नी पॅनेलजवळ जाऊन वाकून पाहू लागली आणि म्हणाली, “मामा, स्क्रूड्रायव्हर आहे?” आम्ही घरात जाऊन तो आणून दिला.