नाव वाद्याचे आणि नाव वादकाचे

मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुराढोरांच्या बाजारासाठी ती साऱ्या ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. या बाजारात येणाऱ्या बैलाला बहुधा नाव असते. कोणी सर्जा असतो, कोणी राजा, कोणी ढवळ्या. दावे दुसऱ्याच्या हाती गेले तरी जुना धनी त्याला नावानेच शेवटची हाक मारतो. मात्र त्याच शेतकऱ्याच्या घरी आढ्याला टांगलेल्या ढोलाला नाव नसते. ढोल हा केवळ ढोल असतो. शहापूर-मुरबाडच्या ठाकूरवाड्यांत, महादेव कोळ्यांच्या वस्त्यांत आणि गावोगावच्या भजनी मंडळांत आम्ही जे पाहिले-ऐकले, त्यात कोणी आपल्या ढोलाला, पखवाजाला किंवा पेटीला माणसासारखे नाव ठेवल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.

इतरत्र मात्र तशी रीत आहे. अमेरिकेतील विख्यात कृष्णवर्णीय गायक-वादक बी. बी. किंग यांनी आपल्या गिटारला ‘ल्यूसिल’ हे नाव दिले होते. त्यामागची हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. १९४९ सालच्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट नावाच्या खेड्यात ते एका नृत्यगृहात वाजवीत होते. उबेसाठी मध्यभागी रॉकेलचे पिंप पेटविलेले होते. दोन पुरुषांची मारामारी जुंपली, पिंप कलंडले आणि इमारतीने पेट घेतला. सगळ्यांबरोबर किंगही बाहेर धावले. पण गिटार आत राहिली हे ध्यानात येताच ते जळत्या घरात परत शिरले आणि जेमतेम जीव वाचवून ती घेऊन आले. ती गिटार होती अवघ्या तीस डॉलरची. त्या आगीत दोघे दगावले. भांडणाचे कारण ल्यूसिल नावाची एक स्त्री होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. असा अविचार पुन्हा आपल्या हातून घडू नये, याची आठवण राहावी म्हणून त्यांनी गिटारला तेच नाव दिले. २०१५ साली निधन होईपर्यंत त्यांनी अनेक गिटार वापरल्या आणि प्रत्येकीचे नाव ल्यूसिलच राहिले.

लाकडाला कान नाहीत. त्याला नाव देऊन काय साधते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने सर्व पशुपक्षी आदामापुढे आणले आणि त्यांना नावे देण्याचे काम त्याच्यावर सोपविले. या प्रसंगाचा अर्थ फार काळ एकाच बाजूने लावला गेला. ज्याने नाव दिले तो धनी, आणि ज्याला नाव मिळाले ते त्याच्या सत्तेखालचे, असे मानले गेले. परंतु नाव देण्याआधी आदामाला प्रत्येक प्राण्याकडे पाहावे लागले असणार, त्याचे वेगळेपण ओळखावे लागले असणार, हे आपण विसरतो. नाव देणे म्हणजे हक्क सांगणे, हा त्याचा एक अर्थ झाला. नाव देणे म्हणजे समोरच्याची दखल घेणे, त्याचे आपल्यावर काही ऋण आहे हे मान्य करणे, हा दुसरा. वाद्यांच्या नावांतही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

पहिल्या अर्थाची उदाहरणे पुष्कळ आहेत. इटलीतील क्रेमोना येथे अंतोनियो स्त्रादिवारी याने घडविलेली व्हायोलिने आज ज्या नावांनी ओळखली जातात, ती बहुतांशी त्यांच्या मालकांची नावे होत. १७२१ साली घडविलेले एक व्हायोलिन ‘लेडी ब्लंट’ म्हणून प्रसिद्ध आहे. कवी बायरन यांची नात लेडी ॲन ब्लंट यांच्याकडे ते सुमारे तीस वर्षे होते. २०११ साली लिलावात त्याला सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलर मिळाले. जपानमधील एका संस्थेने ते विकून ती रक्कम त्या वर्षीच्या भूकंप आणि त्सुनामीग्रस्तांच्या साहाय्यासाठी दिली, ही गोष्ट आनंदाची. तथापि त्या नावात वाद्याने दिलेल्या सुरांपेक्षा ते कोणाच्या मालकीचे होते हीच आठवण मोठी आहे.

आपल्याकडेही असे घडले आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा वसई प्रांतातील चर्चच्या घंटा मराठी मुलखात नेण्यात आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. मुरबाडच्या सिद्धगडापलीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या भीमाशंकराच्या देवळात त्यांतील एक आजही आहे. तिच्यावर १७२९ हे साल कोरलेले आहे. नाशिकला गोदातीरी नारोशंकरांनी बांधलेल्या देवळातील घंटा तर मराठी भाषेतच जाऊन बसली. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. ज्या ओतकाराने तिचे धातू वितळवून तिला हा आवाज दिला, त्याचे नाव कोणाच्या तोंडी नाही. आवाज घंटेचा, नाव सरदाराचे. इतिहास असाच चालतो, हे मान्य करूनही त्यातला अन्याय मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्तसभेत घंटेला नाव देण्याची जी परंपरा आहे, ती मात्र दुसऱ्या अर्थाच्या जवळ जाते. नव्या घंटेला आशीर्वाद देताना पूर्वी तिला पवित्र पाण्याने धूत, तेलाचा अभ्यंग करीत, धूप दाखवीत आणि एखाद्या संताचे नाव देत. या विधीला लोक कौतुकाने घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. अनेक जुन्या घंटांवरील लेखांत घंटा स्वतः ‘मी’ म्हणून बोलते. जिवंतांना बोलावते, मृतांसाठी शोक करते. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलला ८५० वर्षे झाली तेव्हा, २०१३ साली, तेथे नऊ नव्या घंटा आणल्या गेल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव देण्यात आले. त्यांतील सर्वांत मोठीचे नाव मरियेचे आहे. २०१९ च्या आगीतून कॅथेड्रल सावरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. येथे नाव मालकाचे नाही. ज्याच्या सेवेसाठी घंटा वाजावयाची, त्याच्याशी नाते सांगणारे ते नाव आहे.

मग आमच्या शहापूर-मुरबाडच्या वादकांनी आपल्या वाद्यांना नावे दिली नाहीत, म्हणून त्यांच्या मनात ही ओळख नाही, असे म्हणावे काय? तसे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. खंडेनवमीला शेतीच्या अवजारांबरोबर वाद्यांवरही हळदकुंकू वाहिले जाते. ढोलाला पाय लागला तर हात लावून तो कपाळी नेला जातो. शहापूरच्या उत्तरेला जव्हार-मोखाड्याकडे वारली बांधवांचा तारपा ऐकू येतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढेच त्याचे साहित्य. त्याच्याभोवती फेर धरून नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ करावयाची नाही, असा संकेत आहे. भोपळा फुटला तर दुसरा येतो. तारपा एका माणसाच्या हाती असला तरी सूर पाड्याचा असतो. जे सर्वांचे आहे त्याला एकट्याने नाव का ठेवावे? नाव नसणे म्हणजे अनादर नव्हे, हे आपण या मंडळींकडून शिकले पाहिजे.

याहूनही बोलके उदाहरण हरिनाम सप्ताहाचे आहे. या दोन तालुक्यांतील गावोगावी सप्ताह बसतो. सात दिवस वीणेचा पहारा चालतो आणि त्या अवधीत वीणा खाली ठेवावयाची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा असेल, त्याच्या पायांवर येणारे-जाणारे डोके ठेवतात. तो वयाने लहान असो, भूमिहीन असो, एरव्ही ज्याच्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही असा असो, त्या घटकेला तो वंदनीय होतो. वीणेला व्यक्तीचे नाव नाही. पण वाद्याचा मान वाद्यापाशी अडून न राहता धारण करणाऱ्यापर्यंत पोहोचतो. वाद्याविषयीच्या आदराची याहून चांगली कसोटी आम्हास ठाऊक नाही.

या कसोटीला आपण सारे उतरतो काय? त्याच गावात लग्नसराईत सनई, संबळ, ढोल घेऊन आलेली माणसे मांडवाच्या कडेला बसलेली असतात. त्यांना हाक मारावयाची तर ‘ए वाजंत्री’, ‘ओ ढोलवाले’. त्यांची पंगत सर्वांच्या मागून. मंगलाष्टके संपताच त्यांच्या सुरांवाचून पान हलत नाही, पण त्यांतील एकाचेही नाव यजमानाला ठाऊक नसते. आपल्या समाजात अनेक पिढ्या वाजविणे ही कला न मानता जातीचे काम मानले गेले. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आणि विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील अनेकांनी गावकीच्या इतर कामांबरोबर वाजविण्याचे कामही सोडून दिले. त्यांनी वाद्य खाली ठेवले, ते संगीताचा कंटाळा आला म्हणून नव्हे. एक वाद्य असे की जे जमिनीला टेकू द्यावयाचे नाही, कारण ते मान देते. दुसरे असे की जे निर्धाराने जमिनीवर ठेवावे लागले, कारण त्याने अपमानच पदरी घातला. एकाच गावच्या या दोन वाद्यांमधील अंतर हे आपल्या नीतीचे माप आहे.

आपण ख्रिस्ती माणसांनी हे माप दुसऱ्यांना लावून मोकळे होऊ नये. आपल्या लग्नांत, सणांत आणि मिरवणुकांत बँड असतो. पत्रिकेवर पाहुण्यांची नावे असतात, देणगीदारांची असतात, मंडप सजविणाऱ्या कंत्राटदाराचेही कधीकधी असते. वाजविणाऱ्यांचे नाव क्वचितच सापडते. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हा योहानाच्या शुभवर्तमानातील दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याची मेंढरे कळपाच्या खुणेने ओळखली जात नाहीत. एकेक नावाने ओळखली जाते. ज्याला आपण धंद्याच्या नावाने हाक मारतो, त्याला आपण अजून कळपातच ठेवले आहे.

वाद्यांना नावे द्यावीत की न द्यावीत, या प्रश्नाचे उत्तर आम्हास एवढेच सुचते. जरूर द्यावीत. ज्याच्या बोटांनी वर्षानुवर्षे तारा छेडल्या, त्याने आपल्या वाद्याला मायेने हाक मारली तर त्यात बालिश काही नाही. कारण नाव वाद्याच्या कानी पडत नसले तरी देणाऱ्याच्या मनावर कोरले जाते. किंग यांची ल्यूसिल हेच सांगते. परंतु लाकूड, कातडे आणि तार यांना माणसाचे नाव देणारा समाज जर हाडामांसाच्या वादकाला वाद्याच्या नावाने हाक मारीत असेल, तर त्याने नावे उलटी वाटली आहेत, असेच म्हणावे लागेल.

ही चूक सुधारण्यास मोठी चळवळ लागत नाही. पुढल्या लग्नात मांडवाच्या कडेला बसलेल्या सनईवाल्यापाशी जावे आणि त्याचे नाव विचारावे. घरच्या माणसांबरोबर त्याला पंगतीत बसवावे. सणाच्या कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावे छापावीत. आणि मग त्याला सहज विचारावे, की तुमच्या सनईला काही नाव आहे का? बहुधा तो हसून ‘नाही’ म्हणेल. पण तोवर आपण त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारू लागलेलो असू.