बिशपांचा शब्द, मतदारांचा कौल

१९५१ साली आयर्लंडचे आरोग्यमंत्री नोएल ब्राऊन यांनी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी मोफत उपचारांची योजना आखली. डॉक्टरांचा विरोध होताच. पण कॅथलिक बिशपांनी नापसंती कळवली आणि मंत्रिमंडळाने मान तुकवली. ब्राऊन यांना पद सोडावे लागले.

त्या देशात चर्चचा शब्द असा चाले. घटस्फोटाला तर १९३७च्या राज्यघटनेतच बंदी होती. ती १९९५च्या सार्वमतात उठली, तीही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने.

ही पकड सैल झाली ती नास्तिकांच्या युक्तिवादांनी नव्हे. चर्चच्या संस्थांत मुलांवर झालेले अत्याचार आणि ते दडपण्याची वरिष्ठांची धडपड २००९च्या चौकशी अहवालांतून चव्हाट्यावर आली. पापपुण्याचा हिशेब मागणाऱ्यांनाच हिशेब देता येईना. २०१२मध्ये बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दगावल्या. गर्भ वाचणार नव्हता, तरी त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपाताला नकार मिळाला होता. पुढे जंतुसंसर्गाने त्यांचा बळी घेतला. २०१८मध्ये ६६ टक्के मतदारांनी घटनेतली गर्भपातबंदी रद्द केली.

तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगणारे, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस डब्लिनला आले, तेव्हा वराडकरांनी स्वागताच्या भाषणातच अत्याचारांचा विषय काढला. १९५१च्या सरकारला हे स्वप्नातही सुचले नसते.

मग आयर्लंडने धर्म सोडला का? मुळीच नाही. २०२२च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवले. सरकारी दूरचित्रवाणीवर संध्याकाळी सहाला प्रार्थनेची घंटा वाजते. गेली ती बिशपांची हुकमत. तिचा एक बालेकिल्ला मात्र शाबूत आहे: शाळा. दहांतल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या अखत्यारीत आहेत, शिक्षकांचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून. २०१८पर्यंत जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश मिळू शके. साहजिकच, चर्चची पायरी न चढणारे काही आईबापही प्रवेशासाठी बाप्तिस्मा उरकून घेत. ती सवलत गेली, तरी ‘फर्स्ट कम्युनियन’ या कॅथलिक संस्काराची तयारी अजून शाळेच्या वेळातच चालते. काही शाळा चर्चकडून काढून घेण्याची सरकारी योजना वर्षानुवर्षे रेंगाळली आहे. तिला विरोध करणाऱ्यांत पालकही आहेत.