किल्ला राहिला, फेरी पाहिली

पेडण्यातल्या केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि तेरेखोल नदी ओलांडून पलीकडे लागते. प्रवास काही मिनिटांचा. पायी येणाऱ्याला तिकीट नाही. मोठी माणसे फेरीत चढतात ती समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्यासाठी. सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्याच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. कडेवरच्या अडीच वर्षांच्या मुलाला यातले काहीच नको असते. त्याला हवा असतो फेरीचा तो लोखंडी रॅम्प, जो खडखडत खाली येतो आणि ज्यावरून स्कूटर, माणसे, मासळीच्या टोपल्या एकदम बाहेर पडतात. पलीकडे उतरल्या उतरल्या त्याला परत फेरीत बसायचे असते. आई-बाबा त्याला हाताला धरून चढणीला लावतात, मूल भोकाड पसरते, आणि किल्ल्याच्या दारात काढलेल्या फोटोत सगळे हसत असतात, एकाला सोडून.

ही सहल नेमकी कुणाची?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण ज्याच्या नावाने ती काढली जाते तो ती विसरणारच आहे. बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, असे मानसशास्त्रातले अभ्यास सांगतात. त्याआधीचे जवळजवळ सगळे पुसले जाते. म्हणून लहान मुलांना काही कळतच नाही असे नव्हे. अमेरिकन संशोधक कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी पाळण्यावर टांगलेला खुळखुळा बाळाच्या पायाला फितीने बांधून पाहिला. पाय झाडला की खुळखुळा हलतो, हे तीन महिन्यांच्या बाळालाही काही दिवस लक्षात राहते, असे त्यांना आढळले. म्हणजे मूल शिकते, ओळखते, घाबरते, आनंदते. फक्त मोठेपणी त्यातले काही सांगू शकत नाही. केरीची फेरी त्याला विसाव्या वर्षी आठवणार नाही. त्या दुपारी मात्र ती त्याच्यासाठी सारे जग होती.

यावर अनेक घरांचा हिशेब असा असतो: आठवणार नाही, मग फोटो तरी हवेत. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर विमाने उतरू लागली आणि पेडणे तालुक्यातले रस्ते बदलले. आता एका दिवसात हरमल, मोरजी, तेरेखोल आणि परतीच्या वाटेवर पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक असा कार्यक्रम आखणारी कुटुंबे सर्रास दिसतात. बाहेरून येणाऱ्यांनाच बोल लावण्यात अर्थ नाही. म्हापसा-पणजीची घरेही रविवारी हेच करतात. गाडी थांबते, मुलाला गॉगल चढवला जातो, ‘इकडे बघ, हास’ म्हणून चार वेळा सांगितले जाते, गाडी पुढे निघते. ज्याची सोय पाहायची त्याला त्या फोटोंत नटवून उभे केले जाते. आठवणींचा साठा मोठ्यांचा, तो जमवण्याचे कष्ट लहानाचे. यात दुष्टपणा नाही, प्रेमच आहे. पण प्रेमाने केलेली गैरसोय मुलाला गैरसोयच वाटते.

पूर्वी या भागात लहान मुलांना घेऊन ‘फिरायला’ असे फारसे कुणी जात नसे. लोक जत्रेला जात, आजोळी जात, मे महिन्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आंघोळीला जात. मूल त्या कामाच्या मागे मागे असे. पेडण्याच्या पुनवेला किंवा गावच्या जत्रेतल्या दशावतारी नाटकाला नेलेले पोर अर्ध्या रात्री आईच्या मांडीवर झोपी जाई आणि त्याला कुणी उठवत नसे. त्याने राक्षस पाहिलाच पाहिजे, असा कुणाचा हट्ट नव्हता. हातात खाज्याचा पुडा असला की त्याची जत्रा भरली.

पण जुने ते सगळे सोने म्हणावे, तर तसेही नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यातल्या शिरगावात श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले, कित्येक जखमी झाले. जत्रांना आता पूर्वीपेक्षा किती तरी जास्त माणसे येतात. श्रद्धेच्या आड कुणी येऊ नये. पण दोन वर्षांच्या मुलाला रात्रीच्या दाटीत खांद्यावर घेऊन उभे राहणे हा श्रद्धेचा भाग नाही. देवीचे दर्शन दुसऱ्या दिवशीही होते.

मुलाच्या शरीराचे काही हिशेब आहेत आणि त्यांत घासाघीस चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाला सलग तासाभराहून अधिक वेळ गाडीत किंवा खुर्चीत जखडून ठेवू नये, एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात निदान १८० मिनिटे हालचाल करावी, एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप मिळावी, असे त्यात म्हटले आहे. आता पणजीहून निघून डिचोलीत मयेचा तलाव, हरवळ्याचा धबधबा आणि नार्व्याचे सप्तकोटेश्वर अशी तीन ठिकाणे ‘उरकायची’ ठरवली, तर दुपारच्या झोपेला जागा कुठे उरते? मग चार वाजता देवळाच्या पायरीवर मूल आकांत करते आणि ‘हल्ली फार हट्टी झालाय’ असा निकाल लागतो. त्याला फक्त झोप आलेली असते.

गोव्यात यात स्कूटरची भर. पुढे उभे मूल, मधे बाबा, मागे आई आणि आईच्या मांडीवर धाकटे, हे दृश्य इतके रोजचे आहे की कुणाच्या डोळ्यांना ते टोचत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. चारचाकीत चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना बसवले तर हजार रुपये दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. तरीही मुलाच्या मापाचे हेल्मेट किती घरांत सापडेल? त्याचा वाढदिवस हजारो रुपयांचा होतो, हेल्मेट मात्र ‘जवळच तर जायचंय’ म्हणून राहते. हे विसरणे नाही, हा निवडीचा प्रश्न आहे.

पाण्याबाबत तर बोलायलाच हवे, कारण पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत सहल म्हणजे बहुधा पाणीच. २०२१ मध्ये जगात बुडून सुमारे तीन लाख माणसे गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुले होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बुडणारे लहान मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही; ते गुपचूप खाली जाते. समुद्रकिनाऱ्यावर २००८ पासून ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा त्यांच्या नजरेखाली असते. डिचोलीच्या आतल्या भागात बहुतेक ठिकाणी तसे कुणी नसते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिथल्या खाणी थांबल्या, खड्डे पाण्याने भरले. त्या हिरव्या-निळ्या पाण्याला आता कुणी कुणी ‘तलाव’ म्हणू लागले आहे. कडा सरळ तुटलेल्या, तळ कुठे आहे याचा पत्ता नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि अशा खड्ड्यांत उतरायला बंदीचे आदेश निघतात तेव्हा समाजमाध्यमांवर नाराजी उमटते. लहान मुलाला घेऊन आलेल्याने तरी त्या नाराजीत सूर मिळवू नये.

सहलीतल्या जागेचेही काही देणे लागते आणि तिथे मुलाचे डोळे आई-बाबांवर असतात. मोरजी आणि मांद्रे हे पेडण्याचे किनारे २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नावानिशी आले आहेत. साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा येऊन पिल्लांना पाहत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले स्वतःच बाहेर पडतात आणि उजेड जिकडे असेल तिकडे धावतात. निसर्गात तो उजेड क्षितिजावरच्या पाण्याचा असतो. किनाऱ्यावर शॅकचे दिवे, गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च लागले की ती उलट दिशेने गावाकडे जातात आणि मरतात. एकेकाळी ही अंडी खाल्ली जात, विकलीही जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वन खात्याने मोरजीतल्या गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली. घरट्याभोवती कुंपण घालून रात्र रात्र जागणारी माणसे गावातलीच आहेत.

आता तिथे चार वर्षांची मुलगी घेऊन एक कुटुंब येते. तिला पिल्लू हातात हवे असते. राखणदार नाही म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे, हातात घ्यायची परवानगी नाही. अशा वेळी काही वडील हळूच म्हणतात, ‘अहो भाऊ, लहान आहे ती, एकदाच.’ आणि काही वडील मुलीशेजारी वाळूत बसतात, मोबाइल खिशात ठेवतात आणि तिला सांगतात की आपण फक्त बघायचं. दोन्ही वडिलांचे मुलीवर प्रेम आहे. पहिल्याच्या मुलीला त्या दिवशी समजते की नियम इतरांसाठी असतात आणि लहानपण हा सवलतीचा पास आहे. ती हा प्रसंग विसरेल, पण अशा प्रसंगांतून अंगवळणी पडलेले सहसा सुटत नाही. तिचा हट्ट मोडल्याचे वाईट वाटते खरे. पण त्या पिल्लाचाही तो जन्मल्यानंतरचा पहिलाच प्रवास असतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले तेव्हा महागडी साधने आणली नाहीत. दगड, शिंपले, पाने, बिया हीच साधने. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर गेली. मूल जिथे आहे तिथे मोठ्यांनी जायचे, हा त्या कामाचा कणा होता. सहलीलाही तेच लागू पडते. हरवळ्याला खडकात कोरलेली प्राचीन लेणी आहेत, लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. तिथे आलेले तीन वर्षांचे मूल लेण्यांकडे पाठ करून अर्धा तास चिऱ्याचे तांबडे खडे वेचत बसले, तर त्याची सहल वाया गेली नाही. नार्व्याचे सप्तकोटेश्वर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारले, २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला. मूल दहा वर्षांचे झाल्यावरही ते तिथेच असेल आणि तेव्हा त्याला ती गोष्ट कळेलही. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पंजाबच्या कर्नैल सिंग यांनी छातीवर गोळी झेलली, हेही तेव्हाच सांगावे. तिसऱ्या वर्षी सांगून फक्त सांगणाऱ्याचे समाधान होते.

राहता राहिली सहलीतली आई. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. सहलीच्या दिवशी हे घरकाम घरी राहत नाही, ते पिशवीत भरून सोबत येते. दुधाची बाटली, मऊ भात, तीन जोड कपडे, तापाचे औषध, ओले पुसणे, टोपी. पिशवी तीच भरते, तीच उचलते, आणि काही राहिले तर ‘कसं विसरलीस?’ हेही तीच ऐकते. तलावाकाठी बाबा मित्रांबरोबर भजी खात गप्पा मारतात आणि आई पाण्याच्या कडेला मुलामागे वाकून धावते. संध्याकाळी सगळे म्हणतात, मजा आली. तिला कुणी विचारत नाही.

तेव्हा येत्या रविवारी पेडण्याला किंवा डिचोलीला निघणार असाल, तर ठिकाण एकच ठरवा आणि दुपारी मूल झोपेल अशी सावली आधी शोधा. स्कूटर असेल तर मुलाचे हेल्मेट शनिवारीच विकत घ्या. पिशवी बाबांनी भरावी, पाण्याच्या काठावर मुलामागे बाबांनीच राहावे आणि भजी आईने खावीत. आणि मुलाला केरीची फेरी दुसऱ्यांदा हवी असेल, तर दुसऱ्यांदा बसा. पैसे पडत नाहीत.